नेरुळच्या जुन्या फ्लॅटमध्ये आरसीसीबी : अकरा महिन्यांचा अनुभव

"ताई, मशीन चावतंय."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी हे म्हणाल्या. मी बाल्कनीत जाऊन वॉशिंग मशीनवर हात ठेवून पाहिला. मला काहीच जाणवलं नाही. जाणवणार कसं, माझ्या पायात रबरी चपला होत्या. मावशी ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून कपडे काढत होत्या. नंतर कितीतरी दिवस त्या स्वयंपाकघरातला लाकडी पाट नेऊन त्यावर उभ्या राहायच्या आणि मगच मशीनचं झाकण उघडायच्या. हे मला फार उशिरा दिसलं, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

आमची इमारत तीसेक वर्षांची, घर तळमजल्यावर. पावसाळ्यात बाल्कनीकडच्या भिंतीला दरवर्षी ओल धरते. आधीच्या मालकांनी जुने फ्यूज काढून एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारे खटके) बसवले होते, त्यामुळे घर सुरक्षित आहे असं आम्ही धरून चाललो होतो. वायरमनने मशीनचा सॉकेट उघडला तेव्हा आत दोनच वायरी निघाल्या. सॉकेट तीन पिनांचा, पण अर्थिंगच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. अशा वेळी मशीनमधून झिरपणारा थोडासा करंट बॉडीवरच राहतो आणि हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत उतरतो.

एमसीबी असताना हे कसं झालं, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर समजल्यावर मी घाबरले. १६ अँपिअरचा एमसीबी वायर तापू नये म्हणून असतो. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहून कमी करंट जातो. एवढा करंट जीव घ्यायला पुरतो, आणि एमसीबीला तो एका साध्या बल्बसारखा वाटतो. तो जागचा हलत नाही.

यावर उपाय आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइट तोडणारं उपकरण. तो वेगळ्या पद्धतीने काम करतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो पाहतो. दोन्ही वायरी आतल्या एका गोल गाभ्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो. थोडा करंट माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला की तोल बिघडतो आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. झटका अजिबात बसणार नाही असं मात्र नाही. बसतो, पण सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइट तुटते.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही दोघं सीएसएमटीला उतरून लोहार चाळीत गेलो आणि ४० अँपिअर, दोन पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतला. साधारण चोवीसशे रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इथे कंपनीपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. एक, अंगावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १२६४० हा क्रमांक हवा. दुसरी गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही: 'एसी' प्रकार की 'ए' प्रकार. इन्व्हर्टर मोटर असलेलं वॉशिंग मशीन किंवा एअर कंडिशनर असेल तर 'ए' प्रकारच घ्या. अशा यंत्रांची गळती नेहमीच सरळ एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारा करंट, नसते, आणि साध्या प्रकाराला ती नीट ओळखता येत नाही.

बसवल्याच्या पहिल्याच संध्याकाळी बेडरूमचा पंखा लावला आणि सगळं घर अंधारात गेलं. पूर्वी कोणीतरी आपली सोय पाहून बेडरूमचा न्यूट्रल शेजारच्या बोर्डातून घेतला होता, तोही आरसीसीबीच्या आधीच्या जोडातून. गेलेला करंट भलत्याच वाटेने परतायचा, म्हणून खटका पडायचा. ते निस्तरायला एक अख्खा दिवस गेला. जुन्या घरात हे अगदी सर्रास निघतं, तेव्हा मजुरी ठरवतानाच त्याचा हिशेब धरा. त्याच वेळी भिंतीतल्या पाइपांतून प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंगची हिरवी वायर ओढून घेतली. डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी ज्यात बसतात त्या डब्यापासून) मीटररूमपर्यंतचं अर्थिंगही तपासून घेतलं. खर्चाचा मोठा भाग तिथेच गेला, आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. सकाळी गीझर लावला की आरसीसीबी पडायचा. वायरमनने गीझरचा एमसीबी खाली केला आणि म्हणाला, आता चालेल. तासाभराने मी इस्त्री लावली, पुन्हा अंधार. गीझर तर बंद होता! दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, हे यंत्रच नाजूक आहे. बायपास करून देतो, डोक्याला ताप नको."

घरात सगळे वैतागले होते. सासूबाईंना पहाटे गरम पाणी लागतं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग दुसऱ्या एका जाणत्या वायरमनना बोलावलं. त्यांनी डीबीला हातही लावला नाही. सरळ बाथरूममध्ये गेले आणि गीझरची पिन सॉकेटमधून उपसून काढली. "आता लावा इस्त्री." आरसीसीबी टिकला.

कारण त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आपल्या घरातले बहुतेक एमसीबी एक पोलचे असतात. ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गीझरच्या एलिमेंटचं न्यूट्रलकडचं टोक गंजून बॉडीला टेकलं होतं. गीझर बंद असला तरी घरातला न्यूट्रल त्या जागी अर्थिंगला भिडलेला होता. इस्त्रीचा करंट परत येताना त्यातला थोडा त्या वाटेने अर्थिंगमध्ये जायचा आणि आरसीसीबीला तोल गेलेला दिसायचा. यंत्र नाजूक नव्हतं, ते बरोबर बोलत होतं. एलिमेंट बाहेर काढलं तेव्हा त्याला तडा गेलेला होता. त्या दिवशी बायपास केला असता, तर त्याच गीझरच्या पाण्याने सासूबाई रोज आंघोळ करत राहिल्या असत्या.

म्हणून कळकळीने सांगते: आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्याला काढून टाकू नका. सगळ्या पिना उपसा, नुसती बटणं बंद करून भागत नाही, आणि मग एकेक पिन लावत जा. दोषी यंत्र अर्ध्या तासात सापडतं.

पावसाळ्यात दोनदा पडला, दोन्ही वेळा बाल्कनीतल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरलं होतं. होल्डर बदलायचा, असं दोन्ही वेळा ठरलं आणि राहून गेलं. गणपतीला आम्ही सहा दिवस चिपळूणला गेलो. परत येऊन दार उघडलं तर वास. आरसीसीबी पडलेला, फ्रिज बंद, आतलं सगळं गेलेलं. सासूबाईंनी हौसेने करून ठेवलेलं आंब्याचं सगळं साटं टाकावं लागलं. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असण्याचा हा मोठा तोटा आहे आणि तो मी लपवणार नाही. एका होल्डरच्या ओलीची शिक्षा सगळ्या घराला होते.

माझी नणंद न्यू जर्सीत राहते. तिच्या बाथरूममध्ये आणि ओट्याजवळ सॉकेटवरच दोन छोटी बटणं आहेत, एक तपासण्याचं, एक परत चालू करण्याचं. तिकडे तो सॉकेट स्वतःपुरता बंद होतो, घर चालू राहतं. ४ ते ६ मिलिअँपिअर गळतीलाच तो तुटतो, म्हणजे आपल्या आरसीसीबीपेक्षा कितीतरी आधी. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी हे उपकरण १९६१ मध्ये तयार केलं. माणसाला किती करंट बसला की हातातली वस्तू सोडता येत नाही, याचा त्यांनी आधी बराच अभ्यास केला होता. १९७५ पासून तिकडच्या वायरिंग नियमांत घरातल्या बाथरूमच्या सॉकेटना हे संरक्षण लागतं. ते सॉकेट १२० व्होल्टचे आणि त्यांच्या पिनांचे, आपल्याकडे लावता येत नाहीत. मागवायच्या फंदात पडू नका. पण प्रत्येक जागेला स्वतंत्र राखण, ही त्यांची कल्पना मला पटली.

सप्टेंबरमध्ये डीबी मोठा करून वाटणी केली. गीझर, वॉशिंग मशीन, ओट्यावरचे सॉकेट आणि बाल्कनीतला दिवा (त्याचा होल्डरही अखेर बदलला), या चार ओल्या जागांना वेगवेगळे आरसीबीओ लावले. आरसीबीओ म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत. प्रत्येकी साधारण तेवीसशे. फ्रिज वेगळ्या सर्किटवर, त्यालाही स्वतःचा आरसीबीओ. पंखे, दिवे आणि बाकीचे सॉकेट जुन्या आरसीसीबीवर राहिले. याचा आणखी एक फायदा झाला. कॉम्प्युटर, टीव्ही, मशीन अशी अनेक यंत्रं चांगली असतानाही थोडी थोडी गळती करतात. ती एकाच आरसीसीबीवर साठत जाते, आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कुठेही पडू शकतो. विभागणी केल्यावर विनाकारण पडणं थांबलं. आज नव्याने करायचं असतं तर मी पहिल्याच दिवशी हे केलं असतं, हप्त्याहप्त्याने का होईना.

काही गोष्टी या उपकरणाकडून होत नाहीत, त्या माहीत असाव्यात. कोरड्या स्टुलावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर करंट जातो तेवढाच परत येतो. आरसीसीबीला काही कळत नाही. साधा आरसीसीबी जादा लोड किंवा शॉर्ट सर्किट थांबवत नाही, त्याच्या आधी एमसीबी लागतोच. आणि त्यावरचं टेस्ट बटण फक्त ते उपकरण तपासतं, तुमचं अर्थिंग नाही. ते बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. आम्ही दर संकष्टीला दाबतो, म्हणजे विसरायला होत नाही. एकदाही दगा दिलेला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मावशींनी आतून हाक मारली, "ताई, मशीन बंद पडलंय." पंखा चालू, फ्रिज चालू, फक्त मशीनचा आरसीबीओ खाली. मेकॅनिकने मागचं झाकण काढलं. उंदराने मोटरची वायर कुरतडली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. मावशींचा हात मशीनला लागायच्या आधीच गळती हिरव्या वायरीने जमिनीत गेली होती आणि लाइट तुटली होती. त्या वेळी त्या पाटावर उभ्या नव्हत्या. फरशी ओलीच होती.

मी त्यांना डीबी उघडून दाखवला, कोणती डबी कशाची ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "आमच्या खोलीत बसंल का हे? आमच्याकडं ती तिसरी वायर नाय." बसतं. अर्थिंग असेल तर माणसाचा हात लागायच्या आधी खटका पडतो, नसेल तर झटका बसता बसता पडतो, पण पडतो. तुर्भ्याला त्यांची एक खोली आहे, दोन बोर्ड आणि एक पंखा. २५ अँपिअरचा आरसीसीबी आणून ठेवला आहे. येत्या रविवारी ते जाणते वायरमन येणार आहेत, अर्थिंगची वायरही त्याच दिवशी ओढायची आहे.