सात रस्त्याजवळचा रिसर्च पेपर लिहायचा क्लास: पीएचडीवाल्यांनी नक्की करावा

ज्यांचं थेसिसचं चॅप्टर गाईडकडून "नुसतं वर्णन आहे, चिकित्सा कुठाय?" असा शेरा मारून परत येतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. शनिवार-रविवारचा क्लास आहे, बॅच छोटी, शिकवणारे सर रिटायर्ड प्रोफेसर आहेत, आणि फी आपल्या सोलापूरच्या मानाने ठीकच म्हणायची.

सगळ्यात भारी भाग म्हणजे १९३० च्या मार्शल लॉवरचा, म्हणजे लष्करी कायद्यावरचा स्वाध्याय. सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहितीय. सर म्हणाले याला फक्त रेफरन्स द्या आणि पुढं चला, यावर कुणाचा वाद नाही. पण मार्शल लॉ लावायची वेळ का आली, हे लिहायला गेलात की सरकारी कागद एक सांगणार आणि स्वातंत्र्य चळवळीतल्या माणसांच्या आठवणी दुसरं, मग कुणी लिहिलंय, कधी, कुणासाठी, स्वतः पाहिलं होतं का ऐकीव, हे तपासून आपण कुणावर किती भरवसा ठेवतोय आणि का ते लिहायचं. आपण बहुतेकजण काय करतो तर "अमुक म्हणतात, तमुक म्हणतात" अशी रांग लावतो, आपलं मत कुठंच नाही. सर त्या रांगेवर लाल पेन मारतात आणि शेजारी एकच प्रश्न लिहितात, "मग?" आणि पॅरा परत लिहायला लावतात, जमेपर्यंत.

सायन्स-कॉमर्सवाल्यांनी घाबरू नका, त्यांच्यासाठी वेगळी उदाहरणं असतात. यंत्रमाग बंद पडले आणि त्याच काळात कामगार पुण्याला गेले, एवढ्यावरून माग बंद पडले "म्हणून" गेले असं लिहिता येतं का, यावर आमच्याकडं जोरदार चर्चा झाली. सॅम्पल किती, कुठल्या भागातला, दुसरं कारण असू शकतं का, हे विचारायची सवय तिथं लागते. आणि टीका म्हणजे समोरच्याला झोडपणं नाही, त्याचं बरोबर कुठवर आहे तेही लिहायचं, हे मला फार पटलं.

कमी कुठं पडतं तर प्लॅगरिझमच्या, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलण्यावरच्या सेशनला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, हे पाच मिनिटांत सांगून होतं, त्यावर अख्खी दुपार गेली. त्यापेक्षा दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडायचं याचा सराव हवा होता, कारण शब्द बदलले तरी विचार त्याचाच असतो आणि रेफरन्स द्यावाच लागतो, इथंच पोरं अडकतात. झोटेरो हे रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर मात्र नीट शिकवलं, फुकट आहे, कॉम्प्युटरवर टाकून घ्या.

अजून एक, मराठीत थेसिस लिहिणाऱ्यांसाठी नमुने फारच थोडे आहेत, बहुतेक इंग्रजीच. सर मराठीतला पॅरा तितक्याच बारकाईनं तपासतात, पण छापील नोट्स मराठीत पाहिजेतच, कारण अक्कलकोट, बार्शीकडून येणारी कितीतरी पोरं मराठीतच विचार करतात आणि चांगला करतात.

जाताना स्वतःचं अर्धवट का होईना चॅप्टर घेऊन जा. रिकाम्या हातानं आलेल्यांना दुसऱ्याच्या पॅऱ्यावरची चर्चा ऐकत बसावं लागतं. नवीन बॅच दिवाळीनंतर आहे, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झालेल्यांनी आधी नाव द्या.