चार तासांची नोकरी आणि हजेरीचं मशीन: पार्टटाइमच्या हिशेबाला कितपत उतरतं?

पूर्णवेळ दिवाणजी एकच, बाकी सकाळी १० ते २ बिलं करणाऱ्या एक ताई, संध्याकाळी ५ ते ८ टॅली भरणारा एक कॉलेजचा मुलगा आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा जीएसटीचा माणूस. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या किंवा गणपती पेठेतल्या अशा पेढीसाठी चेहरा, बोट आणि कार्ड तिन्ही चालणारं हजेरीचं मशीन घ्यावं का, एवढाच इथे प्रश्न. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. सात ते दहा हजारांच्या घरातल्या बहुतेक मशीनांचं सॉफ्टवेअर एकाच वळणाचं असतं, आणि खोडीही त्याच.

आधी मशीनबद्दल. हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेढीत बोटावर भरवसा ठेवू नका. हळदीची पूड काचेवर बसते, बेदाण्याचा चिकटपणा तिला धरून ठेवतो, आणि निवडीचं काम करणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा आधीच झिजलेल्या असतात. तीनदा थंब लावून चौथ्यांदा ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं ऐकलं की रांग लागते. चेहऱ्याने हजेरी बरी, पण धुळीसाठी नाका-तोंडाला स्कार्फ बांधला की तीही अडते. मशीन शटरसमोर लावलं तर पाठीमागच्या उजेडात चेहरा काळा पडतो. आतल्या बाजूच्या भिंतीवर, चार-साडेचार फुटांवर लावा. चेहरा, दोन्ही हातांचं एकेक बोट आणि कार्ड, सगळं पहिल्याच दिवशी नोंदवून घ्या. काच कोरड्या मऊ फडक्याने पुसायची.

खरी गोम सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते मुळात ९ ते ६ वाल्या नोकरासाठी बनलेलं असतं. ठरावीक तासांपेक्षा कमी भरले की ‘हाफ डे’, आणखी कमी भरले की ‘गैरहजर’, हे नियम आधीपासून चालू असतात. १० ते २ वाली व्यक्ती १०.१० ला आली, १.५५ ला गेली, तर ३ तास ४५ मिनिटं काम होऊनही महिनाअखेरीच्या तक्त्यात ‘हाफ डे’ दिसतो. पार्टटाइमसाठी वेगळी कॅटेगरी करा, तिच्यात हे दोन्ही नियम बंद करा आणि पगार मिनिटांवर काढा. तीन दिवस येणाऱ्याचे बाकीचे दिवस रोस्टरमध्ये साप्ताहिक सुट्टी म्हणून टाका, नाहीतर त्याच्या नावापुढे महिनाभर गैरहजेरीचे लाल ‘ए’ लागतात.

सगळ्यात जास्त भांडणं तुटक पाळीवरून होतात. सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ८ म्हणजे सहा तास. पंच म्हणजे येता-जाताना मशीनवर केलेली नोंद. सॉफ्टवेअर ‘पहिला पंच, शेवटचा पंच’ धरत असेल तर ते ११ तास मोजतं. ‘सर्व पंच’ हा पर्याय निवडला की सहा येतात, पण १२ वाजता बाहेर जाताना पंच मारायचा राहिला तर जोड्या उलट्या लागतात: ९ ला आत, ५ ला बाहेर, म्हणजे आठ तास, आणि ८ चा पंच लोंबकळत. म्हणून विषम पंचांचा, म्हणजे ज्यांचे पंच जोडीत बसत नाहीत त्यांचा, रिपोर्ट रोज संध्याकाळी काढा. महिनाअखेरीला कुणालाच काही आठवत नाही. एकाने घाईत दोनदा पंच मारला तरी हाच घोळ, तेव्हा डुप्लिकेट पंचाची मर्यादा दोन-तीन मिनिटांवर ठेवा, म्हणजे तेवढ्यात मारलेला दुसरा पंच धरला जात नाही.

‘ऑटो शिफ्ट’ दिसायला छान. पंचाची वेळ पाहून ते जवळची शिफ्ट निवडतं. पण १० ची आणि १०.३० ची शिफ्ट असेल तर १०.२० ला आलेला माणूस भलत्याच खात्यात जातो. शिफ्टच्या सुरुवातींत दोन तासांचं तरी अंतर असेल तरच हे चालू करा.

पगाराकडे येऊ. महाराष्ट्राच्या किमान वेतन अधिसूचनांत पार्टटाइमच्या तासाचा दर काढायची रीत असते: दिवसाचा दर भागिले कामाचे तास, त्यावर १५ टक्के वाढ. हिशेबापुरता दिवसाचा दर ५०० धरला तर ५०० भागिले ८ म्हणजे ६२.५०, वाढीसह ७१.८८. ही १५ टक्के वाढ पुष्कळ पेढ्यांत विसरली जाते. त्याहून मोठी चूक एक्सेलमध्ये होते. मशीन ३:४५ देतं, दिवाणजी ३.४५ लिहून गुणतो. ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, तेव्हा ३.७५ तासांचे २६९.५५ व्हायला हवेत, होतात २४७.९९. दिवसाला साडेएकवीस, २६ दिवसांत ५६० रुपये कामगाराच्या खिशातून गेले, आणि कुणाची नियत वाईट नव्हती. वेळ ३:४५ अशीच ठेवायची; एक्सेल ती दिवसाचा भाग म्हणून धरतं, म्हणून वेळेचा रकाना २४ ने गुणून मगच दराने गुणायचा.

सॉफ्टवेअर शिफ्टपुढचं प्रत्येक मिनिट ‘ओटी’ म्हणजे ओव्हरटाइम म्हणून दाखवतं. चार तासांवाला पाच तास थांबला तर त्या तासाचा साधा दर द्यायचाच, पण कायद्याचा दुप्पट दर दिवसाची किंवा आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा ओलांडल्यावर लागतो. तो रकाना डोळे झाकून पगारात ओढू नका. आणि दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा) आणि वीस झाली की पीएफ (भविष्य निर्वाह निधी) लागू होतो; पार्टटाइम आहे म्हणून त्या मोजणीतून कुणाला वगळता येत नाही. तिथे डोकी मोजतात.

हजेरी इंटरनेटवर साठवणाऱ्या क्लाउडचं वार्षिक भाडं पंधरा माणसांच्या आत परवडत नाही, मशीनमधली नोंद काढून घ्यायला पेनड्राइव्ह पुरतो. सोडून गेलेल्याचा मशीनमधला कोड नंबर नव्या माणसाला देऊ नका, जुनी हजेरी त्याच्या नावावर चढते.

मशीनला पाचपैकी चार, सॉफ्टवेअरला अडीच. तिघा-चौघांच्या दुकानाला मात्र दोनशे पानी वही पुरेशी आहे. घेणार असाल तर पूर्ण पैसे देण्याआधी डीलरसमोर बसून तुटक पाळीची एक शिफ्ट लावून घ्या, चार पंच मारा, मग मधला एक गाळून पुन्हा मारा आणि रिपोर्ट काढायला सांगा. सहा तास दिसले आणि गाळलेला पंच वेगळा दाखवला, तरच बिल करायला सांगा.