शिंटो सॉ-रास्प: धनुष्य शेकल्यानंतर हिला किती काम द्यायचं?

शिंटो सॉ-रास्प या लाकूड खरवडायच्या जपानी कानशीचं कौतुक लाकडी धनुष्य बनवणाऱ्यांमध्ये भरपूर होतं आणि ते रास्तही आहे. पण हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे. हिकरी या चिवट लाकडाचं एकसंध धनुष्य, पोट हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) शेकून झालेलं, शेवटचं टिलरिंग बाकी. टिलरिंग म्हणजे भुजा एकसारख्या वाकाव्यात म्हणून लाकूड थोडं थोडं काढणं, आणि टिलर म्हणजे असा जमलेला वाक. (पोट म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, पाठ म्हणजे लक्ष्याकडची, भुजा म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग.)

हॅकसॉच्या पात्यांसारख्या पट्ट्या वाकवून एकमेकींना रिव्हेट केलेल्या, अशी हिची घडण. एका अंगाला इंचाला ११ दात, दुसऱ्या अंगाला २५. मधल्या मोकळ्या जाळीतून भुसा गळून जातो, त्यामुळे साध्या कानशीसारखा सारखा ब्रश मारत बसावं लागत नाही. लाकडाच्या तंतूंची रेषा उलटी आली की रंधा लाकडाचे तुकडे उपटतो. ही तिथेही निमूट कापते. भुजांना जाडी-रुंदीचा आकार देणं आणि जमिनीवर टेकवून दाबल्यावर त्या वाकायला लागतील इथवर आणणं, या टप्प्याला पाचपैकी पाच गुण. दोन्ही अंगं सपाट असल्याने धनुष्याच्या मुठीजवळच्या खोलगट उतारावर मात्र अर्धगोल कानसच लागते.

शेकल्यावर हिशोब बदलतो. हिकरी ताणाला चिवट, दाबाला त्या मानाने कच्ची. म्हणून तिच्यात कायमचा बाक लवकर बसतो. उष्णतेने पोटाचा पृष्ठभाग कडक होतो, दाब जास्त सोसतो आणि ओढवजन (धनुष्य पूर्ण ओढायला लागणारा जोर) काही पौंडांनी वाढतं. हा फायदा सगळ्यात जास्त असतो वरच्या तपकिरी थरात, आणि रास्प नेमका तोच थर खाते. तिच्या दातांचे ओरखडे तसेच ठेवता येत नाहीत. ते घालवायला सबंध भुजेवरून अर्धा मिलिमीटर जरी खरवडला, तरी १२ मिलिमीटर जाडीच्या भुजेचा ताठपणा सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो, कारण ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. ४५ पौंड ओढवजनाच्या धनुष्यात दोन्ही भुजांचे मिळून पाच पौंड असे भुशात जातात.

म्हणून पोटावर फक्त स्क्रेपर. पोलादी पट्टी दोन्ही हातांनी किंचित वाकवून धरायची आणि ताठ भागावर आठ-दहा हलके हात मारायचे. मग अर्ध्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा ओढून भुजा मोकळी करायची आणि तेव्हाच पुन्हा वाक बघायचा. न ओढता खरवडत राहिलं तर बदल उशिरा दिसतो आणि तोवर त्या जागी बिजागरी झालेली असते, म्हणजे भुजा तिथेच जास्त वाकते. ठरलेल्या ओढवजनापलीकडे एकदाही ओढायचं नाही.

ओढवजन जास्त भरलं तर? इथे रास्पला पुन्हा काम आहे, पण २५ दातांच्या अंगाने आणि भुजांच्या कडांवर. रुंदी १० टक्के कमी केली तर ओढवजनही साधारण १० टक्केच उतरतं. जाडी तेवढीच कमी केली तर २७ टक्के. कडा घासल्याने शेकलेला थर जागच्या जागी राहतो. दोन्ही कडांवरून सारखंच काढा, नाहीतर भुजा पिळते. पाठीकडच्या कोपऱ्यावर एकही दात घासू देऊ नका. धनुष्य पुष्कळदा तिथूनच तुटतं. कोपरा शेवटी सँडपेपरने गोल करा.

रास्पवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, टिलर आधीच किती एकसारखं होतं? २८ इंच ओढीचं धनुष्य २०-२२ इंचांपर्यंत एकसारखं वाकत नसेल तर शेकायची घाई कशाला? वाकडं टिलर शेकून पक्कं होतं आणि मग ते सुधारायला तोच कडक थर काढावा लागतो. दुसरी, ओलावा. शेकल्यावर लाकूड कोरडंठाक पडतं. गरम असतानाच किंवा दुसऱ्या दिवशी ओढलं तर पाठ फाटू शकते. ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत लाकडात सुमारे ९ टक्के ओलावा स्थिरावतो. तिथवर यायला किमान आठवडा द्या. तराजूवर धनुष्याचं वजन वाढायचं थांबलं की समजा झालं. कोकणातल्या पावसाळ्यात उलट अडचण: ८५ टक्के आर्द्रतेला लाकूड १७-१८ टक्के ओलावा धरतं आणि धनुष्य ढिलं वाटतं. शेकलेलं लाकूड ओलावा थोडा कमी धरतं, पण त्या दिवसांत टिलर ठरवू नये.

बांबूची पाठ चिकटवलेल्या किंवा थरांच्या धनुष्याला हे लागू नाही. हीट गनने तिथला डिंकच नरम पडतो.

रास्प घ्यायची तर सरळ मुठीची घ्या. मनगट फिरवलं की दुसरं अंग समोर येतं, आणि कडांवर काम करताना ते सतत करावं लागतं. पोटासाठीचा स्क्रेपर त्याच ऑर्डरमध्ये टाका.