रत्नागिरीच्या पावसाळ्यात घरचा सर्व्हर

आंब्याच्या बागेचे फोटो आणि जमिनीच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती एका जागी सुरक्षित राहाव्यात म्हणून मी सिनॉलॉजी कंपनीचा डीएस२२३जे हा दोन डिस्कचा, घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा सर्व्हर घेतला. डिस्क वेगळ्या विकत घ्याव्या लागतात हे दुकानदाराने आधी सांगायला हवे होते. संगणकाचे शिक्षण नसूनही जोडणी एका दुपारी उरकली. ४ टीबीच्या दोन डिस्क घालूनही ८ नव्हे, ४ टीबीच जागा मिळते, कारण दुसरीवर पहिलीची हुबेहूब प्रत राहते. एक निकामी झाली तरी फोटो वाचतात, मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते, म्हणून वेगळा बॅकअप हवाच.

खरा प्रश्न विजेचा. मिरगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या वाडीत वीज वारंवार जाते, त्यामुळे यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर वीज देणारे उपकरण) घेऊन तो यूएसबीने सर्व्हरला जोडला, म्हणजे वीज गेल्याचे सर्व्हरला कळते आणि तो स्वतःच नीट बंद होतो. परवा रात्री वीज गेली, काही मिनिटांनी डिस्कची घरघर थांबली, दिवा लुकलुकत विझला आणि सकाळी सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. तेव्हा यूपीएसचे पैसे सार्थकी लागले असे मनापासून वाटले. खाऱ्या, दमट हवेमुळे सर्व्हर खिडकीपासून दूर, माजघरात भिंत सोडून ठेवला आहे. त्याची १ जीबी रॅम (काम करताना वापरायची तात्पुरती मेमरी) वाढवता येत नाही, पण फोटो आणि कागदपत्रांपुरता हा सर्व्हर मी निःसंकोच सुचवेन.