कर्वेनगरचं पोळी-भाजी केंद्र : अडीच वर्षांच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

आधी पोळीबद्दल सांगते, कारण विचारणाऱ्यांना बहुतेक तेवढंच हवं असतं. घडीची पोळी, एक १२ रुपयांना. २०२३ मध्ये मी घ्यायला लागले तेव्हा १० होती. हातात घेतली की पदर सुटतात, कडा जाड राहत नाहीत, आणि सकाळी पावणेसातला डब्यात भरलेली पोळी दुपारी दीडला मोडून खाताना चामट लागत नाही. कणीक कोमट पाण्यात भिजवतात आणि तेल घडीत लावतात, वरून चोपडत नाहीत. त्यामुळे डब्याखालच्या वहीला डाग पडत नाही. कॉलेजच्या पिशवीत डबा नेणाऱ्या माणसाला ही बाब फार मोठी आहे.

फुलके मात्र घेऊ नका. जागेवर गरम खाणार असाल तर ठीक, तासाभराने ते वातड होतात. केंद्र चालवणाऱ्या काकूंना मी हे दोनदा सांगितलं, त्यांनाही ते मान्य आहे. पण फुलक्यांची मागणी आहे म्हणून करतात.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीचा तळमजल्याचा गाळा. बाहेर फक्त ‘घरगुती पोळी-भाजी केंद्र’ असा फलक. आत दोन मोठे तवे, पोळ्या लाटणाऱ्या तिघी, भाज्या बघणाऱ्या काकू स्वतः. सकाळी साडेसहा ते दीड, संध्याकाळी साडेपाच ते नऊ. रविवारी बंद.

या दुकानाशी माझी ओळख जेवणामुळे झाली नाही. मी भाडेकरार नोंदवण्याचं काम करते. पुण्यात हे काम किती चालतं ते इथे भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं ५५वं कलम सांगतं. मग आम्ही यंत्र घेऊन लोकांच्या घरी जातो, फोटो काढतो, अंगठा घेतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये या गाळ्याचा करार माझ्याकडे आला. काकूंनी अंगठा ठेवला आणि यंत्र काही घेईना. पुसून ठेवला, क्रीम लावून ठेवला, चार वेळा नकार. वर्षानुवर्षं तव्यावर पोळी बोटांनी फिरवून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. शेवटी डाव्या हाताची अनामिका चालली. मी अंगठे हजारांनी घेतले आहेत, बांधकामावरच्या माणसांचेही असेच होतात, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पोळ्यांनीही हे होतं. निघताना काकूंनी सहा पोळ्या आणि लाल भोपळ्याची भाजी बांधून दिली. भोपळ्यात मेथीदाण्याची फोडणी होती, साखर नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी गिऱ्हाईक.

त्याच वर्षी मी पस्तिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला होता. लोकांच्या करारात ‘उभयपक्षी’ आणि ‘तद्नंतर’ टाइप करून करून त्यामागचा कायदा आपल्याला का कळू नये, असं वाटायला लागलं होतं. सकाळी आठ ते बारा कॉलेज, एक ते आठ काम. नवरा चाकणला, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मुलगी तेव्हा चौथीत. माझ्या सकाळच्या बारा पोळ्या, म्हणजे कणीक मळण्यापासून ओटा पुसेपर्यंत, एक तास दहा मिनिटं घ्यायच्या. मी घड्याळ लावून मोजलं आहे. हा तास दहा मिनिटं या दुकानाने मला परत दिली. पाच ते सहा-दहा मी वाचते, साडेसहाला बाहेर पडते, डबा घेऊन परत येते, तिघांचे डबे भरते आणि सात-पंचवीसला गाडी काढते.

विकतच्या पोळ्यांबद्दल अजूनही काहीजणी आवाज खाली आणून बोलतात. मला त्याची लाज कधी वाटली नाही, कारण माझी आजी परळच्या चाळीत दहा-बारा गिरणी कामगारांना जेवू घालायची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष, त्यांची खानावळ म्हणजे कुणातरी बाईचं स्वयंपाकघर. त्या बायका महिनाभर वाण्याकडून आणि सावकाराकडून उधारीवर चालवायच्या. सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मुंबईच्या गिरण्या ज्या हातांनी चालल्या त्यांना जेवण विकतच मिळत होतं. त्यामुळे पैसे देऊन आणलेल्या पोळीत माया नसते, हे मला कुणी पटवू शकणार नाही.

आता अभ्यासाचं सांगते, कारण या तासाची किंमत त्याशिवाय कळणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही भारतीय दंड संहिता शिकलो. पाचशे अकरा कलमं. ३०२ खून, ३७९ चोरी, ४२० फसवणूक, हे तर लहानपणापासून कानावर होतंच. मी स्वयंपाकघराच्या दारामागे तक्ता चिकटवला होता. आणि १ जुलै २०२४ पासून देशात तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीनशे अठ्ठावन्न कलमं. खुनाची शिक्षा १०३ मध्ये गेली, फसवणूक ३१८ मध्ये, चोरी ३०३ मध्ये, आणि नव्या संहितेत ३०२ म्हणजे शब्दांनी कुणाच्या धार्मिक भावना दुखावणं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार ५२८ वर. बरं, जुनं विसरूनही चालत नाही. १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू, म्हणून न्यायालयात दोन्ही चालू. वर्गातली वीस-बावीस वर्षांची मुलं दोन दिवसांत नवे आकडे बोलायला लागली. मला एकेक कलम पुसून पुन्हा लिहावं लागलं. ते सगळं मी पहाटेच्या त्या तासात केलं. दाराआड आता दोन रकान्यांचा तक्ता आहे, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं.

भाज्यांकडे येते. पाव किलो सुकी भाजी ७० रुपये, उसळ ८०. शेपू-मूगडाळ, डाळ-मेथी, पीठ पेरलेली सिमला मिरची आणि दोडका डोळे झाकून घ्या. मटकीच्या उसळीत गोडा मसाला बेताचा असतो आणि मटकीला मोड खरोखर आलेले असतात. वांगं गोड करतात, ते मला आवडत नाही, ज्यांना आवडतं त्यांना फार आवडेल. पनीरची भाजी टाळा, ती हॉटेलसारखी करायच्या नादात तिच्यावर तेल तरंगतं. वरण कधीकधी पातळ. सोमवारी हमखास फ्लॉवर-बटाटा. महिन्याचा माझा खर्च असा : बारा पोळ्या, सव्वीस दिवस, ३,७४४ रुपये. आठवड्यातून तीनदा भाजी धरून साडेचार हजारांच्या थोडं वर. माझ्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. हे कमी नाही. ज्या घरात एकच पगार आहे तिथे मी हे सुचवणार नाही.

एक तक्रार मी तोंडावर केली होती, तीच इथे लिहिते. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या पहिल्या दिवशी साडेसहाला गेले तर शटर खाली. लाटणाऱ्या बायका गावच्या जत्रेला गेल्या होत्या. आदल्या रात्री एक शब्द कळवला असता तर मी कणीक मळून ठेवली असती. घरी आले, नवऱ्याने पोहे केले, मुलीच्या डब्यातही पोहे, आणि मी पेपरला पोहोचले तेव्हा माझे हात थरथरत होते. संध्याकाळी काकूंना म्हणाले, “बंद ठेवा, पण आधी सांगा. तुमच्या भरवशावर माणसं झोपतात.” त्या काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या संध्याकाळी सातच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप येतो. एकदाही चुकलेला नाही.

गेल्या मार्गशीर्षात सासरे गेले. तेराव्यानंतर संगमेश्वरचं घर बंद करून आम्ही आईंना, म्हणजे सासूबाईंना, पुण्याला घेऊन आलो. मी मनाशी ठरवलं होतं की आता त्यांना काही करू द्यायचं नाही. पोळ्या बाहेरून येतात, भाजी मी करते किंवा तीही येते, त्यांनी फक्त बसावं. पहिल्या सकाळी त्यांनी पोळी उलटून पाहिली.

“कोणी केल्या?”

“दुकानातल्या आहेत, आई.”

“हात चांगला आहे,” म्हणाल्या, आणि एक पोळीही पुरी न खाता उठल्या.

मला वाटलं दुःखामुळे. पंधरा दिवस तसेच गेले. एका रविवारी मी झोपून राहिले, दुकान बंद, आणि उठले तर घरात तांदळाच्या पिठाच्या उकडीचा वास. आईंनी डब्यातलं पीठ शोधून काढलं होतं, भाकऱ्या थापत होत्या, आणि मुलगी पाटावर बसून तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवत होती. आई मला म्हणाल्या, “तू जा गो अभ्यासाला. हे माझं आहे.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांना आराम देत नव्हते. पन्नास वर्षं रोज केलेलं काम हातातून काढून घेत होते, तेही ज्या महिन्यात त्यांच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं त्याच महिन्यात. त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळच्या पोळ्या दुकानाच्या आणि संध्याकाळचं आईंचं. भाकरी, आमटी, कधी कुळथाचं पिठलं. संध्याकाळच्या भाज्या मी बंद केल्या. काकूंना कारण सांगितलं तर म्हणाल्या, “ताई, त्यांना एकदा घेऊन या, तांदळाची भाकरी माझ्या बायकांना जमत नाही, फुटते.” आई अजून गेलेल्या नाहीत. जातील असं वाटतं, कारण परवा त्यांनी विचारलं, त्या उकड काढतात की नुसत्याच गरम पाण्यात मळतात.

म्हणून रविवारची सुट्टी मी आता दुकानाच्या उण्यांमध्ये धरत नाही. तुमच्या घरी वेगळं असेल. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींनी शनिवारी रात्रीच दोन वेळच्या पोळ्या घेऊन ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम केल्या तर बऱ्या लागतात.

नवीन गिऱ्हाइकांसाठी थोडं. सकाळच्या पोळ्या आदल्या रात्री नऊच्या आत सांगून ठेवा, नाहीतर सातनंतर थांबावं लागतं. डबा आणि सुती फडकं घरचं न्या, पिशवीत घेतल्या तर वाफेने ओल्या होतात आणि मग तुम्ही दोष पोळीला द्याल. महिन्याचं वहीत लिहून ठेवतात, पाच तारखेच्या आत द्यायचं. गौरीच्या दिवसांत पुरणपोळीच्या मागण्यांमुळे साध्या पोळ्यांना उशीर होतो, तेवढे तीन दिवस घरी करा.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आहे. पुढचा महिनाभर बाराच्या ऐवजी चौदा पोळ्या सांगितल्या आहेत, दोन माझ्यासाठी जास्त, ग्रंथालयात थांबायचं आहे म्हणून.