नाडकचेरीची पेन्शन सेवा: अर्ज झटपट, नकार मोघम

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात संध्या सुरक्षा या कर्नाटक सरकारच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे काही गावांसाठीच्या महसूल कार्यालयात, देता येतो. वय किमान 65, रक्कम महिना 1200 रुपये. अर्ज घेण्याचं काम चोख. घोडं अडतं ते पुढं.

नकार बहुतेकदा कन्नडमधल्या एका ओळीचा असतो. मूळ कारण अनेकदा किरकोळ निघतं: आधारवर ‘कल्लाप्पा’, रेशनकार्डावर ‘कलाप्पा’. म्हणून अर्जाआधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव, वय, पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही बघा. तलाठी चौकशीला येतील तेव्हा घरात माणूस हवा. ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा पडला की तो पुसणं जिकिरीचं.

पोचपावती मात्र जपून ठेवा. तिच्यावरचा 15 अंकी सकाल नंबर हेच खरं हत्यार. सकाल म्हणजे सरकारी सेवा मुदतीत देण्याची हमी देणारा कर्नाटकचा 2011 चा कायदा. त्यानं नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं; उशिराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 भरपाई आहे. (रक्कम चहापाण्याची, पण अधिकाऱ्याच्या पगारातून कापली जाऊ शकते, म्हणून टोचते.) कारण तोंडी सांगितलं तर परत फिरू नका, कागद मागा आणि 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करा. अपील कन्नडमध्ये लिहून घेतलेलं बरं.

मंजुरी मिळूनही पैसे नाहीत? आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं, रक्कम तिथं जाते. विसरलेलं जनधन खातं आधी तपासा.

सेवेला गुण: पाचपैकी अडीच.