बाळाला घेऊन रविवारी बाहेर: सकाळचा नाश्ता की हॉटेलातला ब्रंच?

छत्रपती संभाजीनगरात रविवारी घराबाहेर खायचे ठरले की दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे नाश्त्याचे नेहमीचे हॉटेल, जिथे आठच्या आतच पोहे, सुशीला (मुरमुऱ्यांचा उपमा) आणि इडली-वडा मिळू लागतो. दुसरा म्हणजे मोठ्या हॉटेलातला बुफे ब्रंच, जो बहुधा दुपारच्या तोंडावर सुरू होतो. कडेवर आठ-नऊ महिन्यांचे बाळ असेल, तर ही निवड चवीवर न करता बाळाच्या झोपेवर करावी, असे माझे मत आहे.

या वयाची बरीच बाळे दिवसा दोनदा झोपतात: एकदा सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी. नाश्ता पहिल्या झोपेच्या आत उरकतो. ब्रंच मात्र दोन झोपांच्या मधल्या वेळेत बसवावा लागतो आणि जागा मिळायला अर्धा तास गेला, तर पहिली ताटली हातात येईपर्यंत बाळ डोळे चोळू लागते.

बसण्याच्या बाबतीत मोठे हॉटेल सरस वाटते, कारण तिथे बाळाची उंच खुर्ची मिळते. पण तिचा पट्टा आधी तपासावा. एका हॉटेलात आम्हाला मिळालेल्या खुर्चीला पायांमधला पट्टाच नव्हता. आमची मुलगी हळूहळू खाली घसरत गेली आणि तिची हनुवटी समोरच्या फळीला टेकली, तेव्हा कुठे ते आमच्या लक्षात आले. मग ओढणीने तिला बांधले आणि उरलेला सगळा वेळ एक हात त्या गाठीवरच राहिला. नाश्त्याच्या हॉटेलात बाळ मांडीवरच असते आणि तिथला खरा धोका वाफाळत्या चहाचा व सांबाराचा आहे, कारण वाढपी घाईत असतो आणि टेबल अरुंद असते. म्हणून एकाने आधी खाऊन घ्यावे, दुसऱ्याने बाळाला टेबलापासून दूर धरावे आणि मग अदलाबदल करावी.

बाळाच्या खाण्यासाठी दोन्ही ठिकाणांवर विसंबून राहू नये. इडली मऊ असली तरी तिच्यात मीठ असते आणि वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ-साखर देऊ नये. ब्रंचला पॅनकेकवर घालायला ठेवलेला मध तर बोटालाही लावून चाटवू नये, कारण वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. घरचा गुरगुट्या भात डब्यात न्यावा, हे उत्तम. पावडरचे दूध देत असाल, तर पावडर मोजून वेगळी आणि उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये न्यावे. तयार दूध दोन तासांच्या आत संपवायचे असते, आणि आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हाळ्यात तेवढीही वाट पाहू नये.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र थंडगार दालनामुळे ब्रंचचे पारडे जड होते. फक्त वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतातली जागा टाळावी. हिवाळ्यात नाश्ताच बरा. डिसेंबर-जानेवारीत शिवारातल्या हुरड्याचे बोलावणे आलेच, तर बाळाला आगटीच्या धुरापासून लांब, झाडाखाली गोधडीवर ठेवावे आणि हुरड्याचा दाणा त्याच्या तोंडात जाऊ देऊ नये.

खर्चाचा फरक मोठा आहे. नाश्त्याला जेवढे खाल्ले तेवढेच बिल येते, तर ब्रंचचा दर माणशी ठरलेला असतो. जिथे खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक आहे, अशा हॉटेलात त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. २०२२च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात परस्पर जोडता येत नाही, त्यामुळे ते दिसल्यास काढायला सांगावे. बाळ आधाराशिवाय बसत नसेल, तर दोघांपैकी एकाचे जेवण जवळजवळ वायाच जाते, म्हणून तोवर ब्रंचचे पैसे मी भरणार नाही. ते नीट बसू लागले की आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून खुर्चीचा पट्टा धड आहे का आणि लंगोट बदलायला जागा आहे का, हे विचारावे. ती जागा फक्त स्त्रियांच्या प्रसाधनगृहात असेल, तर ते काम बाबांवर सोपवता येणार नाही, हेही तेव्हाच कळते.